सही केली, पण व्हिप आला तर?

समजा, उद्या एक उमेदवार तुमच्या कॉलेजच्या गेटवर आला. ‘फीवाढीच्या विरोधात मत देईन’ असं लिहिलेल्या कागदावर त्याने तुमच्यासमोर सही केली, कागद हातात धरून फोटोही काढू दिला. द्याल ना त्याला मत? बहुतेक जण देतीलच. ब्रिटनमधल्या पोरांनी २०१० मध्ये तेच केलं होतं.

तिथल्या राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेने उमेदवारांकडून अशा सह्या घेतल्या होत्या. लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे ५७ खासदार निवडून आले आणि सगळ्यांनी सही केलेली होती. पक्षाचे नेते निक क्लेग (पुढे फेसबुकच्या कंपनीत मोठ्या पदावर गेले, तेच) यांनीसुद्धा. बहुमत कुणालाच नव्हतं. क्लेग कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षासोबत सत्तेत गेले, उपपंतप्रधान झाले. त्याच डिसेंबरमध्ये इंग्लंडमधल्या विद्यापीठांच्या फीची कमाल मर्यादा ३,२९० पौंडांवरून ९,००० पौंडांवर नेणारा प्रस्ताव आला. आणला कुणी? याच पक्षाचे मंत्री विन्स केबल यांनी!

‘नेत्याने शब्द फिरवला’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण भांडण त्याच्या आधीपासूनच पक्षात चालू होतं. २००८ च्या मंदीनंतर ‘फी रद्द करू’ हे आश्वासन परवडणारं नाही, असं नेतृत्वाला निवडणुकीपूर्वीच वाटत होतं. कार्यकर्ते आणि पक्षाची धोरण समिती ऐकेनात. शेवटी ‘सहा वर्षांत टप्प्याटप्प्याने रद्द’ अशी तडजोड जाहीरनाम्यात आली. म्हणजे जे वचन पोरांना दिलं, त्यावर देणाऱ्यांचाच पुरता विश्वास नव्हता.

सत्तेचा करार झाला तेव्हा आणखी एक मेख मारली गेली. या मुद्द्यावर लिबरल डेमोक्रॅट खासदारांना तटस्थ राहण्याची मुभा करारात होती. सही मात्र विरोधात मत देण्याची होती! मतदानाच्या दिवशी पक्ष फुटला. २१ जणांनी विरोधात मत दिलं, त्यात दोन माजी पक्षनेते होते. ८ जणांनी मतच दिलं नाही. उरलेल्यांनी बाजूने दिलं. प्रस्ताव २१ मतांच्या फरकाने मंजूर झाला. बाजूने गेलेल्यांनी सही पाळली असती, तर तो पडला असता.

आता फीवाढीच्या बाजूनेही मुद्दे होते. पैसे आधी भरायचे नाहीत, वर्षाला २१,००० पौंडांवर कमाई गेली की मगच कर्ज फेडायचं, वगैरे. ती योजना बरी की वाईट, यावर वाद होऊ शकतो. सही मोडली, यावर नाही.

२०१५ मध्ये हा पक्ष ५७ वरून ८ जागांवर आला. कारणं इतरही होती, पण हा राग मोठा होता. गंमत बघा, त्या आठांपैकी चौघांनी फीवाढीला विरोध केला होता आणि चौघांनी पाठिंबा दिला होता. केंब्रिजचे ज्युलियन हपर्ट यांनी शब्द पाळला होता, तरी ते ५९९ मतांनी पडले. लोकांनी माणूस पाहिला नाही, चिन्ह पाहिलं.

आपल्याकडे तर पेच याहून घट्ट आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षाचा व्हिप मोडून मत देणाऱ्या आमदार-खासदाराचं पदच जाऊ शकतं. ते २१ जण मत देऊनही खासदार राहिले. इथे तशी हिंमत करणाऱ्याला खुर्चीवर पाणी सोडायची तयारी ठेवावी लागेल.

म्हणून मला वाटतं, नुसती उमेदवाराची सही घेणं पुरेसं नाही. त्याला विचारा, ‘हे तुमच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात आहे का? नसेल तर ते यावं म्हणून तुम्ही पक्षात कुणाशी भांडलात? युती झाली तर या मुद्द्याचं काय?’ जे पक्षाचे कार्यकर्ते आहेत, त्यांची जबाबदारी तर जास्तच. जाहीरनामा ठरतो त्या बैठकीत फीचा विषय काढायला तुम्हीच हवेत. प्रचाराला माणसं लागतात, तेव्हा तुमचं ऐकलं जातं. निकालानंतर बोलून उपयोग नाही. तोवर व्हिप निघालेला असतो.