विश्लेषण : कांद्यावर सरकारचे नियंत्रण हवे, पण ते अचानक का?

कांदा महागला की दिल्ली जागी होते. १९९८ मध्ये दिल्लीत भाजपची सत्ता गेली, त्यात कांद्याच्या भावाचा वाटा मोठा होता. तेव्हापासून कोणत्याही पक्षाचे सरकार या पिकाबाबत धोका पत्करत नाही. ग्राहकाला दिलासा देणे हे सरकारचे कामच आहे. प्रश्न आहे तो दिलासा देण्याच्या पद्धतीचा.

२०२३ मध्ये काय घडले?

१९ ऑगस्ट रोजी निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले. नाशिक जिल्ह्यातील लिलाव बंद पडले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचे किमान निर्यात मूल्य आले आणि ८ डिसेंबरपासून थेट निर्यातबंदी झाली. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, भाव पाहून विकता येतो. डिसेंबरमध्ये बाजारात येणारा लाल कांदा टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. बंदी नेमकी याच कांद्यावर पडली आणि भाव झपाट्याने उतरले. बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, तेव्हा लोकसभेची निवडणूक सुरू होती. कांदा पट्ट्यातील दिंडोरी मतदारसंघ भाजपने गमावलाच.

मग नियंत्रणच नको का?

तसे नाही. लासलगावचा उघडा लिलाव, वजनमापावरची देखरेख, शेतकऱ्याचे पैसे देण्याचे व्यापाऱ्यावरील बंधन, हीसुद्धा नियंत्रणेच आहेत. त्यासाठीच राज्यात १९६३ चा बाजार समिती कायदा आला. २०१६ मध्ये फळे-भाजीपाला समितीबाहेर विकण्याची मोकळीक मिळाली, तरी आजही कांद्याचे ट्रॅक्टर समितीच्या आवारातच रांग लावतात. समित्यांमध्ये मक्तेदारी आणि राजकारण आहे, हे खरे. पण चार जणांसमोर बोली लागते, हा आधार शेतकऱ्याला मोलाचा वाटतो. साठेबाजीला चाप लावायचा तर साठा मर्यादेचा अधिकारही सरकारकडे असावाच लागतो.

फरक इतकाच, की बाजार समितीचा नियम आधीपासून माहीत असतो. निर्यातबंदीचा नियम रात्रीतून येतो. पेरणी करताना शेतकऱ्याने आणि सौदा करताना निर्यातदाराने जो हिशेब मांडलेला असतो, तो एका अधिसूचनेने पुसला जातो.

याची झळ सीमेपलीकडेही बसते. सप्टेंबर २०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. आधी सांगितले असते तर बरे झाले असते, असे त्यांनी हसत-हसत सुनावले. त्या वर्षी बांगलादेशने म्यानमार, इजिप्त, तुर्कीकडून कांदा आणला. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारताने पुन्हा बंदी घातली. असा पुरवठादार कोणता ग्राहक कायम ठेवेल?

भाव पडतात तेव्हा?

तेव्हा मात्र सरकारचा हात आखडतो. २०२३ च्या सुरुवातीला भाव कोसळले, तेव्हा राज्याने क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिले, तेही शेतकऱ्यामागे २०० क्विंटलपर्यंतच. नाफेड आणि एनसीसीएफची खरेदी असते, पण हा साठा पुढे भाव चढल्यावर स्वस्तात विकण्यासाठीच असतो. ग्राहकासाठी हे चांगले आहे; फक्त याला शेतकऱ्याचे संरक्षण म्हणू नये.

यावर उपाय अवघड नाही. किरकोळ भाव कोणत्या पातळीला गेला तर किती शुल्क लागेल आणि किती पडला तर किती खरेदी होईल, हे दोन्ही आकडे हंगामाआधी जाहीर करता येतात. झालेल्या सौद्यांना सवलतीची मुदतही देता येते. सरकार असे आकडे जाहीर करायला कचरते, कारण एकदा ते छापले की निवडणुकीच्या तोंडावर हात बांधले जातात.

निर्यात शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण हटले. ते पुन्हा कधी आणि कोणत्या भावाला लागेल, याचा नियम मात्र सरकारने लिहून दिलेला नाही.