मिग मशीन घ्यायचे? आधी आपले अंगण पाहा



वाळूज, चाकण, भोसरीच्या कारखान्यांत आपली कितीतरी मुले वेल्डिंग खात्यात राबतात. दिवसभर बंद शेडमध्ये गॅसची मिग टॉर्च त्यांच्या हातात असते. गावी परतली की त्यांच्या मनात येते, घरीच एक छोटे मशीन घ्यावे. खाटेचा मोडलेला पाय, खिडकीची जाळी, गोठ्याचे फाटक अशी कामे घरच्या घरी होतील. शेजाऱ्यापाजाऱ्यांची कामेही निघतील. कुरुंदा हा वसमत तालुक्याचा, म्हणजे हळदीचा भाग. हंगामात रोज काही ना काही लोखंडाचे मोडतेच. तेव्हा हा विचार चांगलाच आहे.

पण दुकानात गेल्यावर पहिलाच प्रश्न येतो, गॅसवाले घ्यायचे की बिनगॅसचे? पुष्कळदा दुकानदार त्याच्याकडे जे पडून असते तेच उत्तम म्हणून सांगतो. पैसे मात्र आपल्या पदरचे, कधी बचत गटातून उचललेले असतात. म्हणून आज या दोन्ही प्रकारांविषयी चार गोष्टी सांगतो.

दोन्हींत फरक काय?

लोखंड वितळले की त्याला हवा सोसत नाही. हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन त्यात शिरला की टाक्यात बारीक भोके पडतात आणि टाका ठिसूळ होतो. म्हणून वितळलेल्या लोखंडावर थंड होईपर्यंत काहीतरी झाकण हवे. आपल्या नेहमीच्या काडीवर बाहेरून जो लेप असतो, तो जळून हेच काम करतो.

मिगच्या गॅसवाल्या पद्धतीत तार भरीव असते आणि झाकण गॅसचे असते. टॉर्चमधून तारेभोवती कार्बन डायऑक्साइड किंवा आर्गॉनचे मिश्रण सतत वाहते. बिनगॅसच्या पद्धतीत तार पोकळ असते आणि करंजीत सारण भरावे तशी तिच्या पोटात फ्लक्सची भुकटी भरलेली असते. ती जळून धूर आणि वर खपली तयार होते, तेच झाकण. म्हणजे काडीचा लेप बाहेर, या तारेचा आत, इतकेच. दोन्ही पद्धती कारखान्यांत कित्येक दशकांपासून रुळलेल्या आहेत. घरगुती मशीनवर त्या आता आल्या आहेत.

वारा आणि सिलिंडर

कारखान्यातल्या शेडमध्ये वारा नसतो. आपले काम मात्र अंगणात, लिंबाखाली किंवा वावरात चालते. ताशी आठेक किलोमीटरचा वारा म्हणजे झाडाची पाने नुसती सळसळतील एवढा. तेवढा वारासुद्धा गॅसचे झाकण उडवून नेतो आणि टाका जाळीसारखा भोकाभोकांचा होतो. उकडते म्हणून शेजारी पंखा लावला तरी तेच होते. पोटात भुकटी असलेली तार मात्र असल्या वाऱ्याला बरीच दाद देत नाही.

दुसरी अडचण सिलिंडरची. एक किलो कार्बन डायऑक्साइडचा साधारण ५४० लिटर वायू होतो. मिनिटाला १० लिटर सोडला तर तो ५४ मिनिटे पुरतो. संपला की गाडी करून नांदेडसारखे शहर गाठायचे. महिन्यात दोन-चार फाटके जोडणाऱ्याला ही धावपळ परवडते का, याचा हिशेब आधी करावा. मोटारसायकलवर आडवा बांधून सिलिंडर कधीही नेऊ नये. घरातही तो उभा आणि साखळीने बांधलेला असावा. बंद खोलीत गळती झाली तर कार्बन डायऑक्साइडने माणूस गुदमरतो, हेही ध्यानात ठेवावे.

मग बिनगॅसचेच घ्यावे का? तसेही नाही. खाट, कपाट, कूलरची बॉडी यांचा पत्रा आणि चौकोनी पाइप पातळ असतो. १८ गेजचा पत्रा सव्वा मिलिमीटरच्या आसपास भरतो. बिनगॅसची तार इतक्या पातळ पत्र्याला सहज भोक पाडते. शिवाय ठिणग्या उडतात आणि खपली फोडून काढावी लागते. तारही पुरी टाक्यात उतरत नाही. किलोतली सुमारे ८०० ग्रॅमच धातू म्हणून बसते, बाकीची धूर-खपली होते. ज्याच्याकडे आडोशाची खोली आहे, रोजचे काम आहे आणि ते काम पातळ पत्र्याचे आहे, त्याला गॅसच बरा.

दिसणे वेगळे, धरणे वेगळे

गॅसचा टाका सुबक, चकचकीत दिसतो. बघणारा खूश होतो. पण जाड अँगलवर कमी करंटने मारलेला गॅसचा टाका वरून देखणा आणि आतून सुटा असू शकतो. लोखंड नुसते वर बसते, आत शिरत नाही. बिनगॅसचा टाका ओबडधोबड दिसतो, पण नीट मारला तर जाड लोखंडात चांगला उतरतो. म्हणून टाक्याची परीक्षा डोळ्यांनी करू नये. दोन पट्ट्यांचे तुकडे काटकोनात ठेवून एकाच बाजूने जोडावेत, थंड झाल्यावर हातोड्याने मोडावेत आणि आतून पाहावे. कडा जशीच्या तशी गुळगुळीत दिसली तर टाका धरलाच नव्हता असे समजावे. मोडताना लोखंड फाटले असेल तरच काम खरे. असे वीस-पंचवीस तुकडे मोडून पाहिल्याशिवाय कुणाच्या घराच्या जिन्याला हात लावू नये. त्या जिन्यावरून लेकरेबाळे चढणार असतात.

घेताना या गोष्टी पाहा

पोटात भुकटी असलेली प्रत्येक तार बिनगॅसची नसते. ही मोठी फसगत आहे. ई ७१ टी-१ ही तार भुकटीची असली तरी तिला गॅस लागतोच. बिनगॅसची हवी तर रिळावर ई ७१ टी-११ किंवा ई ७१ टी-जीएस लिहिलेले असावे. त्यातली जीएस एकाच थराच्या टाक्यासाठी असते, थरावर थर द्यायचा तर ती चालत नाही. गॅसच्या भरीव तारेवर बहुधा ईआर ७० एस-६ असते. नुसते ‘फ्लक्स कोअर’ म्हणून मागू नये, रीळ हातात घेऊन वाचावे.

दुसरे, प्लस-मायनसचे. गॅसच्या भरीव तारेला टॉर्च प्लसला लागते, बिनगॅसच्या तारेला मायनसला. मशीनमध्ये ही अदलाबदल करता येते का, ते दुकानातच दाखवून घ्यावे. ही जोडणी चुकली की चांगल्या तारेचाही टाका बिघडतो आणि दोष तारेला दिला जातो.

तिसरे, तार ढकलणारे रोलर. पोकळ तारेला खाचांचे रोलर लागतात आणि ते हलकेच दाबावे लागतात. जास्त आवळले की तार चेपते. टॉर्च धरताना भरीव तार टोकाबाहेर सेंटिमीटरभर ठेवावी, पोकळ तार दीड ते दोन सेंटिमीटर. खपली पडणारी तार आपल्याकडे ओढत चालवावी, पुढे ढकलू नये. पावसाळ्यात भुकटीच्या तारेला दमट हवा बाधते, म्हणून रीळ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

चौथे, मशीनची दमछाक. मशीनवर ३० टक्के लिहिले असेल तर त्या करंटला दहा मिनिटांत तीन मिनिटे काम आणि सात मिनिटे विश्रांती असा त्याचा अर्थ. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात विश्रांती आणखी वाढवावी. घरच्या साध्या बोर्डावर मशीन लावू नये. जाड वायर, वेगळा एमसीबी आणि पक्के अर्थिंग वायरमनकडून करून घ्यावे. तारेवर आकडा टाकून तर कदापि चालवू नये. आणि गिऱ्हाइकाची कामे सुरू झाली की घरगुती मीटर चालते की वेगळी जोडणी लागते, हे वीज कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

घरातल्या माणसांसाठी

बिनगॅसच्या तारेचा धूर जास्त असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला आहे. म्हणून काम उघड्यावर करावे, तोंड धुराच्या बाहेर ठेवावे आणि चांगला मास्क लावावा. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याचा आणि पाइपाचा धूर अंगात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. तो मुलामा जोडाच्या जागी आधी घासून काढावा, घासतानाही मास्क असावा.

माता-भगिनींना आमची विनंती आहे, वेल्डिंग चालू असताना मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नका. उजेड क्षणभर पाहिला तरी काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. तेव्हा बटाट्याच्या चकत्या किंवा दुधाचे थेंब असले उपाय न करता डॉक्टर गाठा. करणाऱ्याने दहा-अकरा नंबरची काच, कातडी हातमोजे आणि सुती कपडे वापरावेत. टेरिकॉट-नायलॉन ठिणगीने अंगाला चिकटते. औषधाच्या किंवा डिझेलच्या रिकाम्या पिंपाला वेल्डिंग कधीच मारू नये, त्याचा स्फोट होतो. हळद शिजवायचा वाफेचा कुकर आणि ट्रॉलीचा हुक ही हौसेची कामे नव्हेत. तिथे टाका सुटला तर माणूस जातो. ती जाणत्या कारागिराकडेच द्यावीत.

आमचे मत

वर्षाकाठी पाच-दहाच कामे असतील तर साधे काडीचे इन्व्हर्टर मशीन पुरे. त्याला ना सिलिंडर, ना रोलर. काम वाढले आणि ते अंगणात, वावरात, जाड लोखंडाचे असेल तर बिनगॅसची तार घ्यावी. पुढे गॅस जोडता येईल असे दोन्हीचे मशीन मिळाले तर अधिक बरे. बंद खोली, पातळ पत्रा आणि रोजचे गिऱ्हाईक असेल तेव्हाच सिलिंडर घरात आणावा. शेजाऱ्याने घेतले म्हणून आपण घेऊ नये.

आणि मशीनच्या आधी हात तयार करावा. आयटीआयमधला वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा आहे आणि आठवी पास मुलालाही तो घेता येतो. दहावीला अडलेल्या मुलाने घरी बसून राहू नये, आणि मुलींनीही हा ट्रेड आपला नाही असे समजू नये. मशीन जुने होते, विकले जाते. शिकलेला हात मात्र आपलाच राहतो, आणि तो गावातही भाकरी मिळवून देतो.