सही करण्याआधी विचारा : नस कुठली लावणार?

वस्तीत कुणाचे बायपास झाले की आपण विचारतो, खर्च किती आला, टाके किती पडले. पण हृदयाला नस कुठली लावली, हे बहुधा पेशंटलाही ठाऊक नसते. माझ्या मते ऑपरेशनच्या कागदावर सही करण्याआधी हाच प्रश्न विचारायला हवा. पुढची दहा-पंधरा वर्षे कशी जातील, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते.

बायपास म्हणजे ब्लॉक झालेल्या रक्तवाहिनीला वळसा घालून रक्ताला दिलेली नवी वाट. ती आपल्याच शरीरातल्या नसेची करतात. पायातली शीर लांब असते, सहज काढता येते. पण ती कमी दाबाच्या रक्ताची. हृदयाजवळचा दाब सोसताना ती आतून जाड होते. दहा वर्षांत अशा सुमारे निम्म्या शिरा बंद पडतात किंवा खराब होतात. छातीच्या हाडामागची डावी धमनी मात्र तेव्हाही शंभरात नव्वद जणांची चालू असते. ती हृदयाच्या पुढच्या मुख्य रक्तवाहिनीला जोडलेले पेशंट जास्त जगतात, हे अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९८६ साली दाखवून दिले.

म्हणून विचारा : छातीतली धमनी लावणार ना? नसेल तर का? बाकीच्या ब्लॉकसाठी हाताची धमनी चालेल का? तिच्यासाठी आधी हाताचा रक्तपुरवठा तपासतात. किडनीचा आजार असेल तर पुढे डायलिसिस लागू शकते म्हणून हात राखून ठेवतात. छातीतल्या दोन्ही धमन्या काढल्या तर शुगर असलेल्यांची जखम चिघळण्याची भीती जास्त. दिवसभर उभ्याने काम करून पायाच्या शिरा फुगल्या असतील तर तेही सांगा. अशा शिरा उपयोगी पडत नाहीत.

‘आम्ही काय विचारणार डॉक्टरांना?’ असे म्हणू नका. ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होत असले, तरी विचारण्याचा हक्क कमी होत नाही. निर्णयाला सर्जनचे ज्ञान लागते, पण शरीर आपले आहे.

कुठली नस कुठे जोडली, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि ते जपून ठेवा. पुढे अँजिओग्राफीची वेळ आली तर डॉक्टर आधी तेच मागतील. आणि बिडी-तंबाखू सुटली नाही, गोळ्या मध्येच बंद केल्या, तर चांगली नससुद्धा फार काळ साथ देणार नाही.