अंगणालाही पाणी पिऊ द्या!

‘पारगम्य’ हा शब्द ऐकला की वाटतं, हे काहीतरी शाळेच्या पुस्तकातलं. पण मैत्रिणींनो, अर्थ अगदी सोपा आहे. ज्यातून पाणी किंवा हवा आरपार जाऊ शकते, ते पारगम्य. चक्का टांगायचं फडकं तसंच. मातीचा माठ पाझरतो, बाहेर आलेल्या पाण्याची वाफ होते, म्हणून तर आतलं पाणी गार राहतं. लोणच्याची चिनी मातीची बरणी मात्र पाझरून चालत नाही. कुठे पाझरू द्यायचं आणि कुठे नाही, हे आपल्याला स्वयंपाकघरात बरोबर कळतं. मग अंगणात का कळू नये?

हल्ली घर बांधलं की कंपाउंडपर्यंत फरशी नाहीतर कोबा. चिखल होत नाही, झाडायला सोपं, हे खरंच आहे. पण थोडा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. ५०० चौरस फुटांच्या अंगणात ६०० मिलिमीटर पाऊस झाला, तर २७ हजार लिटरपेक्षा जास्त! मातीचं अंगण असलं तरी सगळं मुरत नाही. पण कोब्यावरचं जवळजवळ सगळंच गटारात जातं.

त्यात महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा. अखंड कातळातून पाणी उतरत नाही. ते मुरमात आणि खडकाच्या भेगांतच साठतं. वरची वाटच बुजवली, तर विहिरीला, बोअरला पाणी येणार कुठून?

सगळं उखडून टाका असं मी म्हणत नाही. पेव्हर ब्लॉक हवेत तर खाली काँक्रीट न घालता खडी-वाळूवर बसवा आणि फटी सिमेंटने न भरता बारीक खडीने भरा. झाडांची आळी मोकळी ठेवा. सांडपाण्याला मात्र बरणीचाच नियम. विहिरीजवळचं गटार पाझरता कामा नये. आणि गल्लीत भिंतीपासून भिंतीपर्यंत काँक्रीट पडणार असेल, तर काम सुरू होण्याआधीच नगरसेवकाला विचारा, ‘पाणी मुरायला जागा कुठे ठेवलीत?’

उन्हाळ्यात हंडा-कळशी घेऊन टँकरपुढे उभं राहायचं ते बहुतेकदा आपल्यालाच. मग अंगणाचा निर्णय एकट्या गवंड्यावर कशाला सोडायचा?