गळ टाकणाऱ्यांची वही

मासे धरण्याचा विषय आमच्या बहुतेक वाचकांच्या माजघरात काढावयाचा म्हणजे थोडे धाडसच होय. (सारस्वत कुटुंबांची गोष्ट निराळी, ती हे पान आमच्यापेक्षा अधिक जाणतेपणाने वाचतील.) परंतु ज्या मासेमारीविषयी आम्ही लिहीत आहोत, तीत मासा चुलीपर्यंत पोचतच नाही. तो धरावयाचा, तोलावयाचा आणि जिवंतपणी नदीत परत सोडावयाचा, असा तिचा दंडक. करमणुकीखातर मुक्या जिवास गळ टोचणे निर्दोष आहे, असे आम्ही म्हणणार नाही. तथापि या छंदातून जे एक ज्ञान हाती आले, ते दुसऱ्या कोणत्या वाटेने आले असते, हेही आम्हांस सांगता येत नाही.

कर्नाटकात शिवसमुद्राचा धबधबा ओलांडून कावेरी जंगलात शिरते. तेथे भीमेश्वरी, गालिबोर अशा ठिकाणी नदीकाठी तळ असत आणि महासीर माशासाठी इंग्लंडाहूनही हौशी पाहुणे येत. पाहुण्याजवळ काठी उंची असे. नदीची विद्या मात्र सोबतच्या वाटाड्याची. हे वाटाडे आसपासच्या खेड्यांतले. त्यांपैकी काहींनी पूर्वी चोरून, सुरुंग उडवून मासे मारले होते. तळावर रोजगार मिळाल्यावर तेच नदीचे राखणदार झाले. नाचणीच्या पिठाचा शिजवून घट्ट केलेला गोळा गळाला लावावयाचा, आणि तो कोणत्या खडकाच्या आड, किती ओढीच्या पाण्यात टाकावयाचा, हे त्याने बोटाने दाखवावयाचे. मासा दोरी घेऊन प्रवाहाबरोबर धावत सुटे. दोरी खडकात अडकली, तर वाटाड्या टोपलीसारखी गोल होडी घेऊन उसळत्या पाण्यात ती सोडवावयास जाई. साहेबाच्या पराक्रमाच्या गोष्टी छापल्या गेल्या. या होडीवाल्याच्या फारशा छापलेल्या आम्ही पाहिल्या नाहीत.

मासाही तसाच. कावेरीची उपनदी कबिनी, तीत १९४६ साली धरलेला महासीर १२० पौंड भरला होता. डोक्यामागे उंच कुबड असलेली ही कावेरीची स्वतःची जात.

गालिबोरच्या तळावर एक वही ठेवीत: किती तास गळ टाकला, काय लागले, वजन किती. १९९८ पासून २०१२ पर्यंत सहा हजारांहून अधिक माशांची त्यात नोंद झाली. कोणाच्या ध्यानीमनी नसता ती नदीची जन्ममृत्यूची नोंदवही ठरली. संशोधकांनी ती वाचून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकूण मासे वाढत होते. परंतु वाढत होता तो निळ्या परांचा दुसरा महासीर. कुबडवाला वर्षागणिक कमी लागत होता आणि जो लागे, तो अधिकाधिक वजनाचा. गळकऱ्यास हे भाग्यच वाटले असेल. खरा अर्थ असा की, घरात वडीलधारी तेवढी उरली होती आणि पाळणा हलत नव्हता.

हा निळ्या परांचा मासा आपल्याकडचा. १८३९ साली साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून त्याचे वर्णन केले आणि त्याचे ‘खुद्री’ हे नाव शास्त्रात नेले. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात देवीचे म्हणून ज्यांस कोणी हात लावीत नाही आणि भाविक ज्यांस खाऊ घालतात, ते हेच. टाटांच्या वीजकंपनीने लोणावळ्यास १९७० नंतरच्या दशकात त्याची पैदास सुरू केली. हेतू उत्तम होता. धरणांनी हटविलेला मासा पुन्हा वाढावा. तेथील पिल्ले दूरदूरच्या नद्यांत गेली, तशी कावेरीतही सोडण्यात आली. महासीर तो महासीर, अशी तेव्हाची समजूत. नव्या पाहुण्यामुळेच घरचा मासा हटला, असे सिद्ध झालेले नाही. धरणे, वाळूउपसा, सुरुंग यांचाही वाटा असेल. परंतु काळ जुळतो, आणि संशोधकांचा संशय तिकडेच आहे. दान करताना घेणाऱ्याचे घर पाहावे, एवढी चौकशी माशांच्या बाबतीत कोणास सुचली नाही.

पुढे वन्यजीव-संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याचा अर्थ लावून अभयारण्यातील हा खेळ बंद झाला. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यही असेल. पण त्याबरोबर वहीही मिटली आणि रोज पाणी पाहणारी माणसे काठावरून उठली. त्यांच्या जागी मोजदाद करणारे कोणी बसविणे अवघड नव्हते, आणि तेच पुरातन विद्येचे वाटाडे त्यास पुरे पडले असते.

इतकी वर्षे गळाला लागत असूनही कावेरीच्या कुबडवाल्यास शास्त्रात निश्चित नाव नव्हते. केरळातील पांबार नदीतल्या माशास ‘रेमादेवी’ हे नाव एका भारतीय विदुषीच्या सन्मानार्थ पूर्वीच दिलेले होते. हा तोच, हे २०१८ मध्ये ठरले. त्याच वर्षी अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादीत त्याची नोंद झाली. त्या तपासासाठी लागलेले मासे कावेरीच्या जुन्या तळांपाशी नव्हे, तर निलगिरीच्या पायथ्याच्या मोयार नदीत मिळाले.