कचरा झालेली अक्षरं

सर्व्हर बदलला आणि जुनं मराठी लिखाण कचऱ्यासारखं दिसायला लागलं, की पहिली शिवी नव्या व्हर्जनला बसते. माझ्या मते ती चुकीच्या पत्त्यावर जाते.

मायएसक्यूएलचंच घ्या. ४.० पर्यंत बहुतेक ठिकाणी टेबलावर पाटी असायची 'लॅटिन-१' आणि आत भरलेलं असायचं यूटीएफ-८ मधलं मराठी. डेटाबेस आले ते बाइट ठेवायचा, मागितले की तसेच द्यायचा. पडद्यावर सगळं नीट दिसायचं, त्यामुळे पाटी कोण वाचतो? २००४ साली ४.१ आलं आणि प्रत्येक रकान्याचा, प्रत्येक कनेक्शनचा कॅरॅक्टर सेट वेगळा धरला जाऊ लागला. त्याने पाटी वाचली, तिच्यावर विश्वास ठेवला आणि तीन बाइटच्या 'म'ची तीन रोमन चिन्हं करून दिली. साखरेच्या डब्यात वर्षानुवर्षं मीठ भरलेलं असलं, तर चहा खारट झाल्याचा दोष घरात नव्याने आलेल्या माणसाचा कसा?

आता महत्त्वाचं. दिसतोय कचरा, पण बाइट बहुधा शाबूत असतात. अशा वेळी रकाना थेट यूटीएफ-८ करू नये. त्याने चुकीचं भाषांतर कायमचं कोरलं जातं. आधी तो ब्लॉब करायचा, म्हणजे डेटाबेस अर्थ लावणं सोडून देतो; मग ब्लॉबचा टेक्स्ट करताना यूटीएफ-८ सांगायचं. पाटी बदलते, आतला माल हलत नाही.

खरा घात होतो तो घाईने. कोणीतरी डंप फाइल एडिटरमध्ये उघडतो आणि सेव्ह करतो. विंडोजच्या लॅटिन कोष्टकात पाच जागा रिकाम्या आहेत. मायएसक्यूएल त्या सांभाळून घेतं, पण काही साधनं तिथले बाइट सरळ टाकून देतात. आणि मराठीत ते बाइट येतात कुठे? पाय मोडायच्या चिन्हात, ऱ्हस्व उकारात, ए, ऐ आणि झ मध्ये! म्हणजे एकूण एक जोडाक्षर गेलं. आणि जिथे अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह साठवलं गेलं, तिथे तर परत यायची वाटच नाही.

दुसरी घाई म्हणजे दुरुस्तीआधीच साइट सुरू करणं. मग जुन्या मजकुरात नवा, बरोबर साठवलेला मजकूर मिसळतो, आणि एकाला दिलेलं औषध दुसऱ्याला विष ठरतं.

हे जुनं दुखणं आहे असं समजू नका. २०१८ च्या ८.० पासून यूटीएफ-८ एमबी-४ हा मूळ कॅरॅक्टर सेट झाला खरा, पण जुन्या टेबलांवरच्या पाट्या त्याने आपोआप बदलत नाहीत. कितीतरी छोट्या मंडळांचे, हौशी लोकांचे मराठी संग्रह असेच जुन्या पाट्यांखाली पडून आहेत. त्यांची छापील प्रत नाही. लिहिणाऱ्यांपैकी काहीजण आता हयातही नाहीत. पुन्हा टाइप कोण करणार, आणि कशावरून?

म्हणून माझं म्हणणं एवढंच: मूळ डंपला हात लावू नका, त्याच्या प्रतीवर प्रयोग करा आणि एखाद्या झकास जोडाक्षरांच्या परिच्छेदाने निकाल तपासा. तोवर जुना सर्व्हर बंद करू नका. महिनाभराचं भाडं जास्त गेलं तरी चालेल. भाडं परत कमावता येतं.

वाचता न येणं म्हणजे हरवणं नव्हे. हरवतं ते आपल्या उतावीळपणाने.