गाडी कोण चालवतो आहे?

गिरगावच्या रहदारीखालून ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो धावू लागली. चालकाविना धावता येईल अशीच या गाड्यांची रचना आहे. तरीही सेवा सुरू झाली ती चालक बसवून. मग वरच्या रस्त्यावर चालकाविना मोटारी केव्हा येणार, असे विद्यार्थी विचारतात. माझ्या मते त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. गाडीवर लक्ष कोणी ठेवायचे, आणि चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा?

मोटारींच्या स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या ‘एसएई’ या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४ साली ठरवल्या. शून्य पायरीवर गाडी माणूसच चालवतो. यंत्र फार तर धोक्याची सूचना देते किंवा क्षणभर मदत करते. पहिलीवर यंत्र स्टिअरिंग किंवा वेग यांपैकी एक सांभाळते, दुसरीवर दोन्ही; पण लक्ष माणसानेच ठेवायचे. तिसरीवर ठरावीक परिस्थितीत लक्षही यंत्रच ठेवते, मात्र त्याने इशारा देताच माणसाने ताबा घ्यायचा. चौथीवर ठरलेल्या मर्यादेत माणसाची गरजच नाही; अडचण आली तर यंत्रच गाडी सुरक्षितपणे थांबवते. पाचवीवर ही मर्यादाही उरत नाही.

या पायऱ्या शाळेच्या इयत्तांसारख्या नाहीत. आठवीतला मुलगा दादरला आठवीत असतो आणि परळलाही आठवीतच. मोटारीचे तसे नाही. बोगद्यात आडवे कोणी येत नाही, फलाटाच्या कडेलाही दारे असतात. म्हणून तेथे यंत्राचे काम सोपे. वर लालबागच्या रस्त्यावर हातगाडी, बस आणि धावत रस्ता ओलांडणारी मुले एकाच वेळी समोर येतात. हिंदमाताजवळ पाणी तुंबले की कॅमेऱ्याला रस्त्यावरचे पट्टेही दिसत नाहीत. तेव्हा ‘कितवी पायरी’ एवढेच सांगून भागत नाही. ‘कोठे’ हेही सांगावे लागते.

संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर जून २०२० मध्ये तिसऱ्या पायरीसाठी जो नियम मंजूर झाला, त्यात हे भान आहे. पादचारी व सायकलस्वार यांना बंदी असलेल्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांमध्ये अडथळा असलेल्या रस्त्यांपुरताच तो आहे. सुरुवातीला वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटर होती. ताबा घेण्यासाठी माणसाला किमान १० सेकंद मिळतात. गणित करून पाहा: या वेगाने १० सेकंदांत गाडी सुमारे १६७ मीटर जाते! मुंबईच्या किनारी रस्त्यावर याचा विचार करता येईल. दादर स्थानकाबाहेर नाही.

दुसऱ्या पायरीच्या मोटारीला ‘स्वयंचलित’ म्हणून विकणे मला धोक्याचे वाटते, कारण त्या नावाने माणूस निर्धास्त होतो. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील टेंपी शहरात चाचणीसाठी धावणाऱ्या स्वयंचलित मोटारीने रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला धडक दिली आणि ती मरण पावली. देखरेखीसाठी बसवलेल्या व्यक्तीचे लक्ष त्या वेळी रस्त्यावर नव्हते.

आधीच नियम केले तर संशोधन खुंटेल, असे काही जण म्हणतात. परंतु आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली असून, संशोधनासाठी काही वाहनांना सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आहे. प्रयोगाला वाट आहे. उणीव आहे ती जबाबदारीच्या वाटणीची. वाहन चालवण्याचा परवाना माणसाला मिळतो, यंत्राला नाही. म्हणून तिसऱ्या पायरीपासून पुढे, यंत्राकडे ताबा असताना झालेल्या अपघाताचा जाब निर्मात्याने द्यावा, असे कायद्यात स्पष्ट लिहिले पाहिजे.

यंत्र हुशार होत जाईल, ते व्हावेच. पण लालबागला रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला मोटारीची पायरी ठाऊक नसते. ती ठरवताना त्याचा विचार आधी व्हावा.